जुन्या स्पोर्ट्स कारचे दुर्मीळ पार्ट बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रेकाम आणि इंजिनचे भाग यांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने काम हाती घेणाऱ्यांचे आहेत, पुढचे मध्येच अडलेल्यांचे. एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक विनंती आधीच करतो: हे पान वाचून होईपर्यंत गाडीचा कुठलाही गंजका, फुटका तुकडा भंगारात देऊ नका.

१. पार्ट कुठेच मिळत नाही. आता बनवायलाच घ्यावा का?

आधी गाडीचं नाव बाजूला ठेवा आणि तो पार्ट मुळात कुणी बनवला होता ते शोधा. स्पोर्ट्स कारच्या छोट्या कंपन्या सगळं स्वतः घडवत नव्हत्या. लोटस एलानच्या ट्विन कॅम इंजिनाचा ब्लॉक फोर्डचा आहे, पुढच्या सस्पेन्शनचे अपराइट (चाकाचा हब धरणारे उभे भाग) ट्रायम्फचे. मॉर्गन प्लस फोरमध्ये ट्रायम्फ टीआरचं इंजिन बसायचं, आणि ते इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड या साध्या घरगुती गाडीच्या घराण्यातलं. सुरुवातीच्या पोर्शे ३५६ मध्ये फोक्सवॅगनचे कितीतरी भाग आहेत. म्हणजे ज्या बेअरिंगसाठी तुम्ही वर्षभर वणवण केली, ते वेगळ्या नावाच्या डब्यात कुठेतरी पडून असू शकतं.

ओतीव भागावरचे उठावाचे आकडे, बेअरिंगच्या कडेवरचा नंबर, डायनॅमोवरची पट्टी हे सगळं घासून स्वच्छ करा आणि लिहून घ्या. एवढं करूनही हाती काही लागलं नाही, तर बनवायला घ्या.

२. काय घरच्या गॅरेजमध्ये बनवता येतं आणि कशाला हात लावू नये?

कंस, झाकणं, पट्ट्या, पत्र्याचे छोटे तुकडे, गॅस्केट, लिंकेज हे हळूहळू शिकून जमतं. मडगार्ड, बॉनेट आणि गाडीचं नाक यांना कसबी हात लागतो. पाण्याचा पंप, मॅनिफोल्ड, टाइमिंग कव्हर ओतायला फाउंड्री आणि लेथ-मिलिंगवाला दोघंही लागतात.

स्टीअरिंगचे आर्म, स्टब ॲक्सल, ब्रेकचे भाग आणि कनेक्टिंग रॉड यांच्याबाबत मी कडक आहे. यातला कुठलाही भाग मोडला तर गाडी थांबत नाही किंवा वळत नाही. असे भाग नेमकं कुठलं पोलाद वापरलं आणि त्याला कशी उष्णता दिली याची लेखी नोंद देणाऱ्याकडूनच करून घ्यावेत, आणि बसवण्याआधी त्यांची तड्यांसाठी तपासणी व्हावी. जुने गॅस्केट आणि ब्रेक लायनिंग घासू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते.

३. माझ्याकडे मूळ भागच नाही. फोटोवरून बनेल का?

आकार जमेल, माप जमेलच असं नाही. फोटोत लेन्समुळे जवळचं मोठं दिसतं, त्यामुळे ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे अशी वस्तू त्याच पातळीत असलेला फोटो शोधा: चाक, नंबरप्लेट, एखादा बोल्ट.

त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे शेजारचे भाग. हरवलेलं झाकण ज्या तोंडावर बसत होतं ते तोंड अजून तुमच्याकडे आहे. बोल्टांची भोकं, गॅस्केटचा ठसा, रंग न लागलेली कड, घासून चकाकलेली जागा यांवरून त्या भागाची निम्मी मापं निघतात. उरलेल्यांसाठी तसल्याच दुसऱ्या गाडीच्या मालकाला पुठ्ठ्याचं टेम्प्लेट काढून द्यायला सांगा. मालक लोक पार्ट सहसा पाठवत नाहीत, टेम्प्लेट मात्र आनंदाने पाठवतात.

४. थ्रीडी स्कॅन केलं की मोजमापाचं काम संपलं ना?

स्कॅन तुमच्यासमोर आहे त्या वस्तूचं माप देतो. ती वस्तू साठ वर्षांत वाकली, ठोकली, लांबीने (पुट्टीने) भरली, पुन्हा रंगवली गेली असेल, तर ते सगळं स्कॅनमध्ये येतं. मी एकदा मडगार्डचा स्कॅन घेतला आणि स्क्रीनवर सुंदर गोलाई दिसली. नंतर रंग उतरवला तर खाली बोटभर जाडीची लांबी निघाली, आणि खरा पत्रा त्याच्याही आत दबलेला. तेव्हापासून आधी रंग उतरवतो, मग मोजतो.

दुसरा फसवा मोह म्हणजे चांगली बाजू स्कॅन करून आरशासारखी उलटवणं. हातानं घडवलेल्या गाड्यांची डावी-उजवी बाजू सारखी नसते. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात छत्तीस बनल्या. त्यांचा पत्रा हातानं घडवलेला असल्यामुळे एकीचं मोजमाप दुसरीला जसंच्या तसं लागू होईल असं धरता येत नाही. उलटवलेलं पॅनेल कागदावर अचूक असतं आणि दरवाज्याच्या फटीत बसवायला गेलं की अडतं.

जग्वारने २०१६ मध्ये एक्सकेएसएस या आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या नऊ नव्या गाड्या बनवायचं जाहीर केलं. फेब्रुवारी १९५७ मध्ये ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागून ज्या गाड्या गेल्या त्यांची ती भरपाई होती. तेव्हा त्यांनी एकाच गाडीवर विसंबून न राहता अनेक मूळ गाड्या स्कॅन केल्या. पत्रा मात्र बकवर (ज्यावर धरून पत्र्याचा आकार जुळवतात त्या सांगाड्यावर), इंग्लिश व्हील नावाच्या गोलाई देणाऱ्या चाकावर, हातानंच घडवला. स्कॅन हे टेम्प्लेट पटकन कापायचं साधन म्हणून उत्तमच आहे. पॅनेल कुठे बसेल हे शेवटी गाडीच सांगते.

५. पत्रा कोणता आणि किती जाडीचा घ्यावा?

आधी लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरा. एकाच मॉडेलमध्ये दोन धातू असतात. जग्वार एक्सके१२० च्या पहिल्या सुमारे २४० गाड्यांची बॉडी लाकडी चौकटीवरच्या ॲल्युमिनियमची होती, नंतरच्या पोलादी, आणि त्या पोलादी गाड्यांतही बॉनेट-दरवाजे ॲल्युमिनियमचेच. मर्सिडीज ३०० एसएल गलविंग १९५४ ते १९५७ मध्ये १४०० बनल्या, त्यांतल्या फक्त २९ पूर्ण ॲल्युमिनियम बॉडीच्या.

पोलादी पॅनेलसाठी साधारण ०.९ मिलिमीटरचा डीप ड्रॉइंगचा, म्हणजे खोल आकार देताना न फाटणारा मऊ पत्रा घ्या. ॲल्युमिनियम घ्यायचं तर १.२ ते १.६ मिलिमीटर, ३००३ किंवा १०५० जातीचं, अर्धकडक. कडक मिश्रधातू मजबूत म्हणून घेतला तर मोगरीखाली तडकतो. जाडी मोजायची जागा मूळ पॅनेलची सपाट कड. गोलाईवर पत्रा ताणलेला असतो, तिथे माप कमी येतं.

६. ॲल्युमिनियम नरम करताना अचानक भोक पडलं. कुठे चुकलं?

पोलाद तापलं की लाल होतं, त्यामुळे डोळा फसत नाही. ॲल्युमिनियम लाल न होताच वितळतं. सुमारे ६५० अंशांना ते कोसळतं आणि नरम होतं साधारण ४०० च्या आसपास, म्हणजे चुकायला जागा फार थोडी.

जुनी युक्ती आजही चालते. ऑक्सिजन बंद ठेवून ॲसिटिलीनच्या पिवळ्या ज्योतीने पत्र्यावर काजळी धरा. मग ज्योत नीट करून, दूर धरून, सतत फिरवत राहा. काजळी उडून गेली की त्या जागी थांबा. काजळीऐवजी साध्या साबणाची रेघ ओढली तर ती काळपट तपकिरी होते, तीच खूण. एका जागी ज्योत धरून वाट पाहिली की तुमच्यासारखं भोक पडतं. काम करताना पत्रा पुन्हा कडक होतो. मोगरीचा आवाज बोथटचा टणक झाला आणि ती उसळायला लागली की परत नरम करायची वेळ झाली.

७. लाकडी बक बनवायलाच हवा का? एकच मडगार्ड तर करायचंय.

एका मडगार्डसाठी पूर्ण बक बहुधा नको. चांगल्या पॅनेलवर चिकटपट्टीचे उभे-आडवे थर देऊन लवचीक साचा काढता येतो. तो पत्र्यावर ठेवला की कुठे सुरकुती पडते आणि कुठे तो ताणला जातो ते दिसतं. सुरकुती पडते तिथे पत्रा ताणून वाढवायचा, साचा ताणला जातो तिथे आवळायचा. जोडीला प्लायवूडची पाच-सहा आडवी टेम्प्लेट पुरतात.

वाळूच्या पिशवीवर मोगरीने पोट आणा, मग इंग्लिश व्हीलवर फिरवून गुळगुळीत करा. नवशिके चाकावर फार दाब देतात आणि पत्र्यावर पट्टे उठतात. दाब हलका ठेवून फेरे जास्त मारा. पॅनेल हातात सुंदर दिसतं आणि गाडीवर बसत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा कडा आधी वळवल्याने येते. पोट पूर्ण झाल्याशिवाय, गाडीवर पाच वेळा धरून पाहिल्याशिवाय कड वळवू नका. वळलेली कड पूर्ण पॅनेलला कुलूप लावते.

बक लागतो तो पूर्ण नाक, पूर्ण शेपटी किंवा एकाहून जास्त प्रती करायच्या असतील तेव्हा.

८. ॲल्युमिनियमला गॅस वेल्डिंग की टिग (विजेच्या ठिणगीने होणारं वेल्डिंग)?

दोन्ही चालतात, पण पुढे सांधा ठोकून सपाट करायचा असेल तर मला गॅस आवडतं. त्याचा सांधा मऊ राहतो आणि मोगरीखाली पत्र्यासोबत चालतो. गॅसला फ्लक्स (सांध्यावरचा ऑक्साइड काढणारी भुकटी) लागतो आणि तो काम झाल्यावर गरम पाण्याने ब्रश घासून पूर्ण धुवावा लागतो. राहिला तर काही महिन्यांनी रंगाखालून पांढरी भुकटी फुलून वर येते. फ्लक्सची पिवळी झळाळी दिसण्याआड येते, तिच्यासाठीचा खास चष्मा घ्या.

९. जुना पंप थेट वाळूत दाबून त्याचाच साचा केला तर? पॅटर्नचा, म्हणजे वाळूत ठसा उमटवायच्या नमुन्याचा, खर्च वाचेल.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि मीही हे करून बसलोय. थर्मोस्टॅटचं हाउसिंग होतं, दोन स्टडमधलं अंतर १४० मिलिमीटर. मूळ भागच वाळूत दाबला, सुरेख ओतीव तुकडा निघाला, आणि एक स्टड भोकात गेला की दुसरा जाईना.

कारण साधं आहे. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. ॲल्युमिनियम सुमारे १.३ टक्के, बीड (ओतीव लोखंड) सुमारे १ टक्का. १४० मिलिमीटरचे १.३ टक्के म्हणजे १.८ मिलिमीटर, आणि तेवढीच भोकं चुकली. म्हणून पॅटर्न त्या प्रमाणात मोठा करावा लागतो. पॅटर्न बनवणारे यासाठी आकसण्याचा हिशेब धरून आखलेली वेगळी पट्टीच वापरतात. जिथे मशीनिंग होणार त्या तोंडांवर आणखी दोन-तीन मिलिमीटर माल ठेवा. उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा उतार द्या, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळू ढासळते. भोकं ओतण्यात काढू नका, नंतर ड्रिल करा. आत पाण्याची वाट असेल तर वाळूचा कोअर (आतली पोकळी राखणारा गाभा) लागतो, आणि कोअर जिथे अडवतो तिथे धातू कमी आकसतो. म्हणून गुंतागुंतीच्या भागाचा पहिला तुकडा हा मापासाठीच ओतलाय असं धरून चाला.

मूळ भाग झिजलेला किंवा गंजाने खाल्लेला असेल, तर थेट साच्यात ती झीजही उतरते. मापं घ्या, झिजलेल्या जागा भरून काढा, मग पॅटर्न करा.

ओतलेला भाग बसवण्याआधी गळतीसाठी तपासा. बाहेरून खडूचा पातळ लेप द्या, आत रॉकेल भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खडूवर टाचणीच्या टोकाएवढा जरी ओला डाग दिसला, तरी धातूत बारीक पोकळ्या आहेत. नंतर हवेचा दाब देऊन गरम पाण्यात बुडवून पाहा.

कुठला मिश्रधातू, तर बहुतेक हाउसिंग आणि मॅनिफोल्डसाठी एलएम२५ किंवा त्याच्या जवळचा ए३५६, टी६ उष्णताप्रक्रियेसह. तोंडांचं अंतिम मशीनिंग उष्णताप्रक्रियेनंतर करा, त्या प्रक्रियेत भाग थोडा वाकतो.

१०. ब्लॉकला चीर गेली आहे. नवा ब्लॉक ओतून घेऊ का?

आधी दुरुस्तीचा विचार करा. बीडाला थंडपणे शिवता येतं. चिरीच्या रेषेवर एकमेकांना छेदणारी भोकं पाडून त्यांत आट्यांचे प्लग घट्ट बसवतात आणि आडव्या कड्या घालतात. उष्णता लागत नसल्याने ब्लॉक वाकत नाही, आणि इंजिनाचा मूळ नंबर शाबूत राहतो. वेल्डिंग करायचं तर संपूर्ण ब्लॉक भट्टीत तापवून, निकेलच्या रॉडने, आणि नंतर फार हळू थंड करून. नुसत्या चिरीभोवती ज्योत फिरवून केलेलं वेल्डिंग थंड होताना शेजारी नवी चीर पाडतं.

चीर मुख्य बेअरिंगच्या खांबातून गेली असेल किंवा रॉड भिंतीतून बाहेर आला असेल, तरच नव्या ब्लॉकचा हिशेब मांडा.

११. पिस्टन, रॉड आणि कॅमशाफ्ट करून घेताना वर्कशॉपला काय काय द्यायचं?

पिस्टनसाठी बोअर, गजन पिनचा (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचा) व्यास, पिनपासून माथ्यापर्यंतची उंची, रिंगांच्या खाचा आणि वजन. वजन लोक विसरतात. पिस्टन जड झाला की क्रँकशाफ्टचा तोल बिघडतो, आणि इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की रॉडवरची ओढ चौपट होते. बोअर आणि पिस्टन यांतली फट जुन्या पुस्तकातून उचलू नका. नव्या पिस्टनचा मिश्रधातू वेगळा असेल तर तो वेगळा फुगतो, फोर्ज केलेल्याला सहसा जास्त फट लागते. ती फट पिस्टन बनवणाऱ्याने सांगायची.

रॉडसाठी दोन केंद्रांतलं अंतर, दोन्ही टोकांचे व्यास आणि रुंदी. ईएन२४ सारखं पोलाद चांगलं चालतं. जुना रॉड परत वापरायचा असेल तर चुंबकीय तपासणीशिवाय नाही. बेअरिंग कथिलाच्या व्हाइट मेटलची ओतीव असतील तर ओतणं आणि नंतर एका रेषेत बोअर करणं हे दोन्ही एकाच ठिकाणी करून घ्या.

कॅमशाफ्टमध्ये मेख आहे. डायल गेज टोकदार काडीवर लावून कॅमची उचल मोजली आणि तो तक्ता पाठवला, तर नवा कॅम चुकीचा बनतो. सपाट फॉलोअर (कॅमवर टेकून उचलला जाणारा भाग) कॅमला वेगळ्या बिंदूवर टेकतो, रोलर आणखी वेगळ्या. इंजिनात जो फॉलोअर आहे त्याच्यासकट मोजा, दर दोन अंशांना एक नोंद, आणि सर्वांत कमी झिजलेल्या लोबवर (कॅमच्या उंचवट्यावर). फॉलोअरही सोबत पाठवा, कारण कॅम आणि फॉलोअरचा धातू एकमेकांना मानवला नाही तर दोघंही लवकर खरवडतात.

१२. धातूचं थ्रीडी प्रिंटिंग इंजिनात चालतं का?

चालतं, आणि मोठ्या कंपन्याही वापरतात. पोर्शेच्या क्लासिक विभागाने ९५९ च्या क्लचचा रिलीज लिव्हर लेझरने वितळवलेल्या पोलादी भुकटीतून छापला. ती गाडी तीनशेहून कमी बनली, त्यासाठी जुनी डाय पुन्हा करणं परवडणारं नव्हतं. घासली जाणारी आणि घट्ट बसणारी तोंडं मात्र छापल्यानंतर मशीन करावीच लागतात.

मला त्याहून उपयोगी वाटतं ते वाळूचे साचे आणि कोअर छापून घेणं. लाकडी पॅटर्न वाचतो आणि धातू नेहमीसारखा ओतीवच राहतो. आकसण्याचा हिशेब प्रश्न ९ प्रमाणे इथेही लागतो, फाईल पाठवण्याआधी तो कुणी धरला आहे हे विचारा.

१३. बोल्टचं डोकं इंची पान्यात बसतं, पण नट मिलिमीटरचा लागतो. असं कसं?

तुमची गाडी बहुधा एक्सपीएजी इंजिनाची एमजी आहे. या इंजिनांत आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाची, अशी खरोखरच जोडी आहे. ८ मिलिमीटरच्या बोल्टचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) तिथे १ मिलिमीटर आहे, दुकानातला साधा ८ चा बोल्ट १.२५ पिचचा. तो दोन फेरे जातो, अडतो, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे ओरबाडून निघतात.

कुठलाही नवा स्टड करण्याआधी पिच गेज लावा. व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश, यूएनएफ (बारीक इंची आटा) आणि मेट्रिकचा ६०. कार्ब्युरेटर आणि इलेक्ट्रिकच्या बारीक ब्रिटिश स्क्रूंत तिसराच, बीए (ब्रिटिश असोसिएशन) आटा निघतो.

१४. क्रोमच्या हँडलला फोड आलेत. नव्याने मुलामा देता येईल?

हँडल पितळेपेक्षा हलकं असेल आणि चुंबकाला चिकटत नसेल तर ते बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं डायकास्ट (लोखंडी साच्यात दाबाने ओतलेलं) आहे. फोडांखाली धातू खाल्ला गेलेला असतो. तो सुमारे ३८५ अंशांना वितळतो, त्यामुळे वेल्डिंगची ज्योत लागली की संपलं. खड्डे कोरून, तांब्याचा थर देऊन, घासून पुन्हा तांबं, असं करत भरणारे कारागीर आहेत. हँडल तुटलेलं असेल तर मेणाच्या पद्धतीने (मेणाचा नमुना वितळवून उरलेल्या पोकळीत धातू ओतून) ब्राँझमध्ये नवं ओतून घ्या. ते मूळ भागाहून जड होतं, पण क्रोम त्यावर फार छान धरतो.

१५. क्रँककेस किंवा चाक मॅग्नेशियमचं असेल तर?

काम सुरू करण्याआधी हे ओळखणं जिवाचा प्रश्न आहे. मॅग्नेशियमचा बारीक कीस पेटतो आणि त्यावर पाणी मारलं तर आग भडकते. धातूच्या आगीसाठीचा अग्निशामक जवळ ठेवा, कीस साठू देऊ नका, दुसरा धातू, विशेषतः पोलाद, घासलेला ग्राइंडर त्यावर वापरू नका. १९६८ नंतरच्या कितीतरी पोर्शे ९११ चे क्रँककेस मॅग्नेशियमचे आहेत. त्यांचे स्टड ओढले जाऊन आटे सुटतात, तिथे पोलादी इन्सर्ट घालणं हा रुळलेला उपाय आहे. जुनी मॅग्नेशियमची चाकं तडे तपासूनही मी फक्त प्रदर्शनापुरती वापरतो.

१६. मूळ भागच कमकुवत होता. नवा करताना सुधारावा का?

बाहेरून ओळखू येणार नाही अशा जागी, हो. चांगला मिश्रधातू, सांध्यात मोठी गोलाई, पोलादी चौकट आणि ॲल्युमिनियम पत्रा यांच्यामध्ये इन्सुलेशनची पट्टी. सुपरलेजेरा पद्धतीच्या बॉडीत, म्हणजे बारीक पोलादी नळ्यांवर ॲल्युमिनियम, ही पट्टी नसेल तर ओल शिरून पत्रा कडांपासून खाल्ला जातो. आकार, जाडी आणि दिसणाऱ्या वेल्डची रेषा मात्र मूळच ठेवा. एखादा भाग मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, मोडायचा तर आधी तो मोडावा म्हणून. त्याला जाड केलं की मोड पुढच्या, महागड्या भागात जाते. शंका असेल तर मूळ मापच धरा.

शर्यतीत उतरायचं असेल तर ही मोकळीक नाही. मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयए हिच्या परिशिष्ट के मध्ये ऐतिहासिक गाड्यांसाठी काय चालतं ते नेमकं लिहिलेलं आहे, काम सुरू करण्याआधी ते वाचा.

१७. नव्या भागामुळे गाडीचं मूळपण जातं का? भागावर जुना नंबर ठोकला तर चालेल?

नवा भाग लपवला तर मूळपण जातं. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिव्हा, जी १९६६ पासून काम करते, तिच्या ट्युरिन चार्टरचा आग्रह असा की नव्याने केलेले भाग टिकाऊ खुणेने ओळखू यावेत. मी आतल्या बाजूला, गाडीवर बसल्यावर दिसणार नाही अशा जागी, वर्ष आणि छोटी खूण ठोकतो, आणि फोटोंची वही गाडीसोबत देतो.

चॅसिस किंवा इंजिनाचा नंबर नव्या भागावर स्वतः ठोकू नका. तो गाडीच्या ओळखीचा पुरावा असतो, आणि अनेक देशांत असं करणं गुन्हा आहे. तसा प्रसंग आलाच तर नोंदणी कार्यालयाला आधी कळवा आणि त्यांच्या पद्धतीने करा. कंपनीचं चिन्ह नव्या भागावर उमटवून तो विकणं हीदेखील ट्रेडमार्कची अडचण आहे.

१८. नवा भाग बसला. आता जुना कुजका तुकडा टाकून दिला तर चालेल ना?

ठेवा. मडगार्ड चाळणी झालेलं असलं तरी त्याची कड कुठल्या तारेवर वळवली होती, रिव्हेट किती अंतरावर होते, पहिला रंग कोणता होता हे फक्त त्यालाच माहीत आहे. माझ्याकडे एका बॉनेटची हातभर पट्टी आहे. तिच्या मागे कारागिराने पेन्सिलीने ओढलेली रेघ आणि एक आकडा अजून वाचता येतो. तसंच दुसरं बॉनेट करायला घेतलं तेव्हा कड नेमकी कुठे वळवायची ते त्या रेघेवरून कळलं.

तुकड्याला चिठ्ठी बांधा: कुठली गाडी, कुठली बाजू, काढल्याची तारीख. थोडं तेल लावून, कोरड्या जागी गुंडाळून ठेवा, आणि गाडी विकलीत तर तो गाडीबरोबर जाऊ द्या.